खिळ्यावरची केबल

मुनीरभाई, काल तुमचं दुकान उघडलं. उघडलं शबानाने, मी नुसता मागे उभा होतो. शटर अर्ध्यावर अडकलं तेव्हा सवयीने मी म्हणालो, "डावीकडं खाली लाथ मारावी लागते." तुमच्या लेकीने ओढणी खांद्यावर टाकली, गल्लीत कुणी बघत नाही ना ते पाहिलं आणि सिल्लोडच्या शाळेत शिकवणाऱ्या बाईंना शोभेल अशा बेताने लाथ मारली. शटर वर गेलं. आतून वास आला, रॉकेलचा, ग्रीसचा आणि तुमच्या त्या लवंगेच्या चहाचा. बारा दिवस बंद दुकानात चहाचा वास कसा टिकतो ते मला कळलं नाही.

आत पाऊल टाकलं आणि माझी नजर आधी खिळ्याकडे गेली. तीस वर्षं जात आली आहे, कालही गेली. केबल तिथेच होती.

तुमच्याबद्दल लोक आता बरंच बोलतात. कुणी म्हणतं, पोलीस ॲक्शनच्या आधी तुमचे वडील एका जहागीरदाराच्या मोटारी सांभाळायचे, ॲक्शननंतर ते काम गेलं आणि त्यांनी हे दुकान टाकलं, तिथून तुमची गोष्ट सुरू करतं. कुणी तुमच्या हातगुणाचं सांगतं. मला त्यातलं काही सांगायचं नाही. मला तुमच्याशी एकच भांडण पुरं करायचं आहे, आणि तुम्ही ते अर्धवट टाकून गेलात म्हणून मी चिडलो आहे. हो, चिडलो आहे. मातीला आलो तेव्हाही चिडलेलाच होतो. तुमचा चेहरा दाखवला सगळ्यांना. मला तुमचा उजवा हात एकदा बघायचा होता, पण तो पांढऱ्या कपड्यात होता आणि मागायचं तरी कसं. तीन मुठी माती टाकली आणि मुकुंदवाडीपर्यंत चालत घरी आलो.

आपली ओळख त्या मोटरीमुळे. नाथसागराच्या पाण्यावर सरकारी बोट चालवायचं काम मला लागलं, तेव्हा बोटीच्या मागच्या फळीवर लटकवायची ती पंचवीस घोड्यांची परदेशी मोटर आधीच म्हातारी झालेली होती. रंग उडालेला, नाव पुसलेलं. फुलंब्रीच्या कोरडवाहू घरातला मी, पोहायलाही नोकरी लागल्यावर शिकलो. मोटर बिघडली की कुठे न्यायची ते कुणालाच माहीत नव्हतं. कुणीतरी म्हणालं, औरंगाबादला मुनीर म्हणून एक आहे, तो विहिरीचे पंप दुरुस्त करतो, बोटीचीही करंल. मी जीपमध्ये मोटर घालून आणली. तुम्ही तिच्याभोवती एक चक्कर मारली, मग माझ्याकडे बघून म्हणालात, "आमच्या मोहल्ल्यात नळाला आठ दिवस पाणी नाय, आन् तू बोट घिऊन आला. या कप्तान, बसा." तेव्हापासून मी कप्तान. शहराचं नाव बदललं, पाट्या बदलल्या, माझी नोकरी संपली, तरी मी कप्तानच राहिलो.

मोटर पाण्याशिवाय चालवता येत नाही, तापून जळते. म्हणून ती लाकडी घोडीला बांधायची, खाली पाण्याने भरलेलं पिंप ठेवायचं आणि पंखा त्यात बुडवायचा. पंखा म्हणजे तिचा मागचा, पाणी कापणारा पंखा. पिंप तुमचं नव्हतं, शेजारच्या हलिमाबींचं होतं. त्या पाण्यासाठी तुम्ही किती बोलणी खाल्ली. "पिनेकू पानी नै, हौर ये पंखे कू आंघोळ घाल रा," असं म्हणत त्या दारात उभ्या राहायच्या आणि तुम्ही मान खाली घालून हसायचात. चाचणी झाल्यावर तेलाचा तवंग बाजूला करून तेच पाणी अंगणात शिंपडायचात. त्या अंगणात कधी धूळ उडाली नाही.

गिअरच्या केबलचं काम मला तुम्ही शिकवलंत. मी काही तुमचा शागीर्द नव्हतो, चाळिशीला टेकलेला सरकारी माणूस होतो. पण बोट मधल्या पाण्यात अडकली की मला एकट्याला सोडवता यायला हवी, असं तुमचं म्हणणं. चालवणाऱ्याच्या हाताशी एक दांडा, तिथून दोन केबली मागे मोटरीपर्यंत जातात. एक रेसची, एक गिअरची. दांडा पुढे केला की बोट पुढे, मागे ओढला की मागे, मध्ये ठेवला की न्यूट्रल, पंखा मोकळा. दांडा जड लागायला लागला की नवे लोक तो जोराने रेटतात आणि आतली तार वाकवून ठेवतात. तुम्ही म्हणायचात, "पैले केबल सोड. मोटरकडून सोड. मंग दोघांना वायलंवायलं इचार. दांड्याला इचार, तुला काय तरास हाय. गिअरला इचार, तुला काय तरास हाय. दोघं एकत्र आसले की एकमेकाचं झाकतात."

केबल सोडून मोटरीवरचा गिअर हाताने हलवायचा, पंखा दुसऱ्या हाताने हळू फिरवत. तो सहज बसला, तर मोटर निर्दोष. मग केबल हाताने ओढून बघायची. अडखळली, तर वरचं कव्हर कुठे चिरलं आहे, कुठे पाणी शिरून तार गंजली आहे, कुठे फार आवळून वळवली आहे ते शोधायचं. आणि जोडताना ओढाताण करायची नाही. दांडा न्यूट्रलला, गिअर न्यूट्रलला, मग टोकाचा पितळी नट फिरवत फिरवत अशा जागी आणायचा की केबल आपणहून गिअरच्या खुंटीवर बसेल. "ढकलून बसवली तर ती बसत नाय, लपून ऱ्हाती," तुम्ही म्हणायचात. मला हे वाक्य तेव्हा नुसतं कामाचं वाटलं होतं.

एकदा मी एकट्याने दोन्ही केबली काढल्या आणि उलट्या जोडल्या. रेस द्यायला गेलो तर गिअर हलला. तुम्ही आठवडाभर गल्लीत येणाऱ्याजाणाऱ्याला ती गंमत सांगितलीत. मग मी कानसेने गिअरच्या केबलीच्या पितळी टोकावर तीन खाचा पाडल्या, पुन्हा घोटाळा नको म्हणून. ते तुम्हाला मी सांगितलं नाही. आणखी हसला असता.

आता तो दिवस. यावर आपण कधी नीट बोललो नाही, म्हणून आज सगळं क्रमाने सांगतो.

मोटर घोडीला बांधलेली होती, पंखा हलिमाबींच्या पिंपात. दांड्याचं खोकं बोटीत असतं तसं आडवं लावायला जागा नव्हती, म्हणून तुम्ही ते खांबाला उभं बांधलं होतं. त्यामुळे दांडा वर केला की रिव्हर्स, समोर सरळ ठेवला की न्यूट्रल, खाली केला की फॉरवर्ड. मी खांबाशी होतो, तुम्ही पिंपाशी. तक्रार एवढीच होती की न्यूट्रलमध्येही पंखा थोडा रांगतो, पूर्ण थांबत नाही. मोटर चालू ठेवून, रिव्हर्समधून न्यूट्रलला आणून, पंखा थांबतो का ते बघायचं होतं. एरवी तुम्ही बाभळीचं दांडकं पाण्यात घालून बघायचात. पण तेवढ्यात गल्लीत आरडाओरड झाली. नळ आला होता, दहाव्या दिवशी. हलिमाबी ओरडत आल्या, "मुनीर, मेरा पिंप!" सगळी गल्ली हंडे-कळशा घेऊन पळत होती. तुम्ही म्हणालात, "एक मिनट, बी, एक मिनट." दांडकं शोधायला गेला नाहीत. बाही वर केलीत आणि मला ओरडून म्हणालात, "खाली!"

माझा दांडा वर होता, रिव्हर्समध्ये. मी तो खाली केला.

तुमच्या घरच्या बोलीत खाली म्हणजे रिकामा, मोकळा. पंखा मोकळा कर, न्यूट्रल कर. आमच्यात खाली म्हणजे खाली. आणि असं नाही की तुमचा अर्थ मला येत नव्हता. ट्रक खाली आला, डबा खाली आहे, हे मी जन्मापासून ऐकतो. दोन्ही अर्थ माझ्या कानाला येत होते. हाताला कुठला आला, हाच प्रश्न. वरून न्यूट्रलला यायलाही दांडा खालीच आणायचा होता, फक्त मध्ये थांबायचं होतं. मी थांबलो का? मी त्या वेळी दांड्याकडे बघत नव्हतो, गल्लीत नळाकडे बघत होतो. मलाही वाटत होतं घरी नळ आला असेल, बायको एकटी आहे.

मग तुमचा आवाज आला. तो आवाज मी इथे लिहीत नाही.

रिक्षात तुमचा हात दुकानातल्या फडक्यात गुंडाळलेला होता आणि तुमचं डोकं माझ्या खांद्यावर. अंगठ्याशेजारची दोन बोटं गेली होती. तोंड पांढरं पडलं होतं. दवाखाना यायच्या आधी तुम्ही पहिलं वाक्य बोललात ते हे: "कप्तान, केबल अटकली."

मी म्हणालो, "हो."

मुनीरभाई, तो "हो" मी कशावरून म्हणालो? मला काहीच दिसलं नव्हतं. मला तो "हो" हवा होता म्हणून म्हणालो. बुडणारा हाताला लागेल ते धरतो, तसा मी तुमची केबल धरली.

दीड महिन्याने तुम्ही दुकानात आलात आणि पहिलं काम त्याच मोटरीचं केलंत, तीन बोटांनी. मी पुढच्या आठवड्यात आलो तेव्हा खिळ्यावर एक काळी केबल वेटोळं करून टांगलेली, दोन्ही टोकं चिंधीने बांधलेली, वर लाल दोरा. "ही बघ," तुम्ही म्हणालात, "हिनंच खाल्ली माझी बोटं. भंगारात नाय टाकायचा. सजा हाय तिला." आणि मोटरीला मुंबईहून नवी केबल मागवून लावल्याचं सांगितलंत. नव्या केबलीच्या टोकाला काळी टेप घट्ट गुंडाळलेली होती. "टेप काढायची नाय, पाणी शिरंल." मी काढली नाही. नंतर चौदा वर्षं मी ती बोट चालवली. केबल एकदाही अडखळली नाही. मी लोकांना अभिमानाने सांगायचो, मुंबईची आहे.

दुकानात येणारा प्रत्येक जण त्या खिळ्याकडे बघायचा आणि तुम्ही त्याला गोष्ट सांगायचात. मी बसलेला असलो तर जरा मोठ्याने सांगायचात. आतली तार गंजलेली होती, बाहेरून दिसत नव्हती, भास्करने दांडा बरोबर न्यूट्रलला आणला, पण केबल अडकली, पंखा थांबलाच नाही. माझं नाव घेऊन, बरोबर हा शब्द घालून. मी चहा पीत खाली बघायचो.

एकदाच मी विचारलं. तुम्हाला आठवत असेल, तुमचं कुटुंब घेऊन तुम्ही धरणावर आला होतात, शबाना आठवीत होती. मी तुम्हाला बोटीतून बेटापर्यंत नेलं. तिथे उतरल्यावर भाभी आणि शबाना पक्षी बघत पुढे गेल्या आणि मी म्हणालो, "मुनीरभाई, पंखा जर थांबलाच नव्हता, तर तुम्ही हात घातलात कसा? तुमच्यासारखा माणूस फिरत्या पंख्यात हात घालील का? म्हणजे तो थांबला होता. थांबला होता म्हणजे केबल अडकली नव्हती. आधी थांबला आणि मग पुढं फिरला. तो माझा हात."

तुम्ही एवढे चिडलात की मी दचकलो. "पाणी काळं होतं. दिसलं नाय मला. तू बोट चालवतो, दुरुस्ती म्या करतो. केबलीचं तुला कळतं का मला?" मग तोंड फिरवून बोटीत जाऊन बसलात. परतताना भाभींनी डब्यातली खिचडी काढली, तुम्ही घेतली नाहीत. धक्क्याला लागताना मी दांडा न्यूट्रलला आणला आणि तुम्ही पाठमोरे बसल्या बसल्या म्हणालात, "बरोबर." एवढंच. त्यानंतर मी विषय काढला नाही, तुम्ही काढू दिला नाहीत.

गेलेली बोटं तुम्ही कधी लपवली नाहीत. डाव्या हाताने पाना धरायला शिकलात, उजव्याच्या तीन बोटांत कप धरायचात, पाहुण्याला सलामही त्याच हाताने. पण एक दुपार मला छळते. मी दुकानात आलो, तुम्ही मागच्या खोलीत नमाजला बसलेले. मी बाहेर थांबलो. नमाजच्या शेवटी बसल्यावर उजव्या हाताचं पहिलं बोट उचलतात, हे मला तुमच्या शेजारी इतकी वर्षं बसून माहीत झालं होतं. मी पाहिलं, तुमचा हात मांडीवरून जरासा उचलला गेला. बोट नव्हतं, तरी उचललं गेलं. तुम्ही बाहेर आलात, माझा चेहरा बघितलात आणि म्हणालात, "अल्लामियाँला ठाऊक हाय ती कुठं गेली. तू कायकू परेशान हुतो." आणि चहा सांगितलात. मी त्या दिवशी चहा पिऊन निघालो आणि रेल्वे फाटकाशी सायकल लावून रडलो, हे आज सांगतो.

तुम्ही मला वाचवलंत, याबद्दल मी ऋणी आहे. आणि तुम्ही मला कधी माफी मागू दिली नाहीत, याबद्दल तुमच्यावर रुसलेलाही आहे. दोन्ही खरं आहे. माफ करणाऱ्याने निदान आधी ऐकून तरी घ्यावं.

खाली हा शब्द माझ्या कानावर दिवसातून किती वेळा येतो याची तुम्हाला कल्पना नाही. बायको म्हणते, खाली बसा. बसमध्ये कंडक्टर म्हणतो, खाली उतरा. नातू जिन्यावरून ओरडतो, आजोबा, खाली या. प्रत्येक वेळी माझ्या उजव्या हाताला काहीतरी होतं, मनगटात थोडं. तुम्ही गेल्यापासून जास्त होतं. परवा भाजीवाली म्हणाली, काका, पिशवी खाली ठेवा, आणि मी पिशवी तशीच धरून उभा राहिलो. ती म्हणाली, काका, बरं वाटत नाही का?

तर काल. जागेचा मालक जागा मागतो आहे, म्हणून शबाना दुकान मोकळं करायला आली होती. तिने मला बोलावलं ते हत्यारं कुणाला द्यायची ते सांगायला. मी पाने वेगळे केले, पंपांचे सुटे भाग एका पेटीत घातले. कोपऱ्यात घोडीवर आपली मोटर होती. खात्याने लिलावात काढली तेव्हा दांडा आणि केबलींसकट तुम्हीच घेतलीत आणि मी विचारलं तर म्हणालात, "म्हातारी कुठं जाईल दुसरीकडं." दांड्याचं खोकं तसंच खांबाला उभं बांधलेलं.

शबाना स्टुलावर चढली आणि खिळ्यावरची केबल काढून तिने माझ्या हातात दिली. तीस वर्षांत मी ती पहिल्यांदा हातात घेत होतो. मला वाटलं होतं जड लागेल. मी चिंध्या सोडल्या. एकदा ओढून बघावी, कुठे अडते ते तरी बघावं, म्हणून टोक हातात घेतलं आणि कळलं. ही गिअरची केबलच नव्हती. टोक वेगळं, तार बारीक, लांबीला हातभर कमी. ही रेसची केबल, कुठल्या तरी फवारणीच्या इंजिनाची. आपल्या मोटरीशी तिचा काही संबंध नव्हता. मी बोटीवर इतकी वर्षं काढली, दोन हातांवरूनही ओळखली असती. म्हणून तर टोकं बांधलेली होती, आणि खिळा इतका वर.

मग खरी कुठे आहे?

मी मोटरीपाशी गेलो. मुंबईच्या नव्या केबलीच्या टोकाची काळी टेप दगडासारखी झाली होती. चाकूने चिरत चिरत काढली. खाली पितळ हिरवं पडलेलं. अंगठ्याने पुसलं. तीन खाचा.

मुनीरभाई, तुम्ही केबल बदललीच नव्हती. जी अडकली म्हणून सांगितलीत, तीच मला परत दिलीत, आणि मी तिच्यावर चौदा वर्षं माणसं नेली-आणली. तिच्यात काही दोष असता, तर तुम्ही मला तिच्यावर पाण्यात पाठवलं असतं का? तरी तुम्ही शिकवलंत तसं केलं. मोटरीकडून केबल सोडली, दोघांना वेगवेगळं विचारलं. दांड्याने सांगितलं, मला काही त्रास नाही. गिअरने सांगितलं, मला काही त्रास नाही. केबल हातात लोण्यासारखी सरकली. आता माझ्याशिवाय विचारायला कुणी राहिलं नाही.

मी पेटीवर बसलो. शबाना माझ्याकडे बघत होती. मी ठरवलं, तुम्हाला सांगायचं राहिलं ते हिला सांगायचं. म्हणालो, "बेटा, तुझ्या अब्बांची बोटं केबलीने नाही गेली. ते खाली म्हणाले आणि मी दांडा खाली केला. मी बघत नव्हतो. माझ्या हाताने गेली."

ती म्हणाली, "चाचा, मला माहीत आहे."

मी चिरलेल्या टेपचे तुकडे गोळा करायला लागलो.

"घरात सगळ्यांना माहीत आहे. दवाखान्यातून आल्यावर अब्बांनी पहिल्याच दिवशी अम्मीला सांगितलं. म्हणाले, भास्करशी मी रोज मराठीत बोलतो. त्या दिवशी घाईत घरची बोली तोंडातून गेली. मी खाली म्हटलं, त्यानं खाली केलं. त्यानं तर ऐकलं माझं. हात त्याचा, पर जबान मेरी थी." तिने खिळ्याकडे बोट दाखवलं. "मोहल्ल्यातसुद्धा माहीत होतं लोकांना. अब्बा केबलीची गोष्ट सांगायचे ना, सगळे माना हलवायचे. ती केबल फक्त तुमच्यासाठी टांगली होती."

मला त्या सगळ्या माना आठवल्या. हलिमाबींचीसुद्धा. तुम्ही पूर्ण गल्लीला कामाला लावलं होतं, आणि मी चहा पीत बसायचो.

शबाना म्हणाली, "जाण्याच्या आधी मला म्हणाले, दुकान खोलशील तेव्हा कप्तान यायच्या आत ती केबल फेकून दे. त्याच्या हाताला लागू देऊ नक्को. मी नाही फेकली. तुम्ही आल्यावर आधी तिच्याकडं बघायचे, लहानपणापासून बघते मी. माझ्या मनात आलं, एकदा तरी तुम्ही ती हातात घ्यावी. चुकलं का माझं?"

"नाही," मी म्हणालो.

म्हणजे तुम्ही स्वतःलाच दोष देत होतात, मुनीरभाई, आणि मी स्वतःला, आणि दोघं मिळून एका फवारणीच्या इंजिनाच्या केबलीला शिव्या घालत होतो. त्या बेटावर तुम्ही माझ्यावर चिडला नव्हतात. मी तुमची चूक तुमच्याकडून काढून घ्यायला बघत होतो आणि तुम्ही ती सोडत नव्हतात. हे तेव्हा बोलला असता, तर खिचडी तरी सुखाने खाल्ली असती. एकत्र असले की एकमेकाचं झाकतात, हे तुमचंच. आपल्या दोघांना वेगवेगळं विचारायला तुम्हाला मरावं लागलं, ही मला न सोसणारी गोष्ट आहे.

मी उठलो, निघायच्या बेताने. तुमची लेक म्हणाली, "केबल अशीच सोडून चाललात? अब्बा काय म्हणाले असते?"

खरं होतं. मी परत बसलो. दांडा न्यूट्रलला, गिअर न्यूट्रलला, नट फिरवत फिरवत जागेवर आणला, ओढाताण केली नाही. केबल आपणहून खुंटीवर बसली. पण बसली म्हणजे काम झालं नाही, तपासायला दोन माणसं लागतात, एक दांड्याशी आणि एक पंख्याशी. मोटरीत पेट्रोल नव्हतं, पिंप नव्हतं, कोरडा पंखा. तरी मी म्हणालो, "राहू दे, तू नको." ती तोवर पंख्यापाशी जाऊन बसली होती. तिने उजवा हात पात्यांच्या मध्ये ठेवला. तुमचीच बोटं आहेत तिची, लांब, नखं लहान कापलेली.

मी खांबाशी गेलो. दांडा वर केला, रिव्हर्समध्ये. या वेळी गल्लीकडे बघितलं नाही. दांडा दोन्ही हातांनी धरून ठेवला. मग तीच म्हणाली, तुमच्या घरच्या बोलीत, हळू आवाजात.

"खाली, चाचा."

मी दांडा खाली आणला. मध्ये खट् असा बारीक आवाज झाला आणि मी थांबलो. तिने पंखा फिरवला, एकीकडे, मग दुसरीकडे. तो कुठेही न अडता फिरला.

"खाली आहे," ती म्हणाली.

तिने हात बाहेर काढून ओढणीला पुसला, तोवर मी दांडा सोडला नाही.